मुंबईतल्या इन्स्ट्रुमेंटेशन विभागांना खुले पत्र : स्वस्त सेन्सरला भरवसा मिळवून द्या

प्रति,
मुंबई आणि उपनगरांतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे इन्स्ट्रुमेंटेशन व इलेक्ट्रॉनिक्स विभाग : प्राध्यापक, प्रयोगशाळेतले सहायक आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी यांस,

सप्रेम नमस्कार.

काळाचौकीला माझं गॅरेज आहे. मी ऑटो इलेक्ट्रिशियन. वडील कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात होते, त्यामुळे पद्मिनीचा कार्बोरेटर मी शाळेत असतानाच उघडायला शिकलो. आयटीआय करून धंद्यात आलो तेव्हा हत्यारांच्या पेटीत स्क्रू-ड्रायव्हर, फिलर गेज आणि पॉइंट घासायचा कागद एवढं असलं की दिवस निघायचा. आज त्याच पेटीशेजारी गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर आणि मल्टिमीटर असतो. गाडीचं अर्धं दुखणं हल्ली सेन्सरमध्ये असतं, आणि त्याच सेन्सरबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे.

गेल्या मे महिन्यात एक पोरगा त्याची काळी-पिवळी घेऊन आला. सीएनजीवरची गाडी, दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली, हप्ते चालू. म्हणाला, "काका, गरम झाली की जीव सोडते. अर्धा तास उभी केली की पुन्हा चालू, जसं काही झालंच नाही." आधी एका वर्कशॉपमध्ये त्याला पेट्रोलचा पंप बदलून दिला होता, दुखणं तसंच. मी विचारलं, गॅसवर बंद पडते की पेट्रोलवर? म्हणाला, दोन्हीवर. दोन्ही इंधनांवर पडते म्हटल्यावर पंपाचा संबंधच उरला नव्हता. इंजिनाचं फिरणं टिपणारा क्रँक सेन्सर काढला, मीटर लावला. थंड असताना ८८० ओहम. हीटगन धरली आणि दोन मिनिटांत मीटरवर काहीच नाही. आतली तार गरम झाली की कुठेतरी सुटत होती, थंड झाली की पुन्हा चिकटत होती.

तुम्हाला सांगायला नको, पण विद्यार्थ्यांसाठी लिहितो. या सेन्सरमध्ये एक लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तारेची गुंडाळी एवढंच असतं. समोरून दातेरी चाक फिरतं. बऱ्याच गाड्यांत ते ६० दात्यांचं, त्यातले २ मुद्दाम गाळलेले. प्रत्येक दाता म्हणजे ६ अंश. गाळलेल्या जागेवरून कॉम्प्युटरला कळतं की पिस्टन कुठे आहे, आणि मग तो ठिणगी आणि इंधन सोडतो. हा इशारा थांबला की कॉम्प्युटरच्या दृष्टीने इंजिन फिरतच नाही, म्हणून तो सगळं बंद करतो. चुंबक आणि तार. शाळेच्या विज्ञानातली गोष्ट.

कंपनीच्या सेन्सरची किंमत ऐकून त्या पोराचा चेहरा उतरला. तीन दिवसांची कमाई होती ती. तो सीएसटी रोडला गेला, कुर्ल्याच्या मार्केटमधून त्याच्या चौथ्या हिश्श्यात एक घेऊन आला. डब्यावर उत्पादकाचं नाव नाही, तारीख नाही, फक्त गाडीचं मॉडेल छापलेलं. मी बसवून दिला. बसवताना मी त्याला सांगितलं होतं की याची खात्री मी देऊ शकत नाही. जुलैत हिंदमाताजवळ भर पावसात, विमानतळाचं भाडं मागे बसलेलं असताना, गाडी उभी राहिली. मी सेन्सर कापून पाहिला. वरच्या प्लॅस्टिकला आणि आतल्या रेझिनला केसाएवढी चीर गेली होती, त्यातून पाणी शिरलं होतं आणि तारेला हिरवा गंज चढला होता.

त्या दिवसापासून मी कंडम सेन्सर फेकत नाही. आज माझ्याकडे तीन डबे भरलेले आहेत. प्रत्येक सेन्सरला दोऱ्याने चिठ्ठी बांधली आहे : कुठली गाडी, किती किलोमीटर झाले, कंपनीचा की बाजारातला, काय तक्रार होती, मीटरने काय दाखवलं. हे डबे उघडून पाहिले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ज्या वस्तूमुळे त्याला सेन्सर म्हणतात, ती वस्तू फार क्वचित मेलेली असते. मेलेलं असतं तिच्याभोवतीचं घर : रेझिन, सील, तार जोडायच्या कपलरच्या पिना, तार जिथून बाहेर पडते ती जागा.

म्हणजे महाग काय आहे ते नीट पाहायला हवं. पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर घ्या. त्याच्या आत थर्मिस्टरचा, म्हणजे तापमानाप्रमाणे रोध बदलणारा, एक मणी असतो. तसला मणी लॅमिंग्टन रोडला एका वडापावच्या पैशांत मिळतो. पितळेची टोपी कुठलाही लेथवाला कातून देईल. तरीही गाडीत बसतो तो सेन्सर त्याच्या कित्येक पट महाग, कारण त्या किमतीत एक हमी असते : हा मणी दहा वर्षं, उकळत्या पाण्यात, तेलाच्या वाफेत, खड्ड्यांच्या हादऱ्यात तेच उत्तर देईल. ती हमी देण्यासाठी कोणीतरी शेकडो नग भाजले, गोठवले, हलवले, खाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यात ठेवले आणि प्रत्येक वेळी आकडा लिहून काढला. बाजारातल्या बिननावाच्या डब्यात मणी तोच असू शकतो, पण हे काम कोणी केलेलं नसतं, किंवा केलं असलं तरी आम्हाला दाखवलेलं नसतं.

हे काम तुम्ही करू शकता. हे पत्र त्यासाठीच आहे.

तापमानाच्या सेन्सरपासूनच सुरुवात करा असं मी म्हणेन, कारण सगळ्यात जास्त नुकसान तो गुपचूप करतो. एका फार प्रचलित प्रकारात २० अंश सेल्सिअसला २५०० ओहम रोध असतो, ८० अंशांना सुमारे ३२०, आणि १०० अंशांना १९०च्या आसपास. कॉम्प्युटरच्या डोक्यात हाच तक्ता भरलेला असतो. आता बाजारातून आणलेल्या सेन्सरचा मणी वेगळ्या वळणाचा निघाला आणि ८० अंशांना त्याने ६०० ओहम दाखवले, तर कॉम्प्युटर समजतो की इंजिन अजून साठ अंशांवरच घुटमळतंय. तो जास्त इंधन सोडत राहतो. प्लग काळे पडतात, ॲव्हरेज घसरतं, जास्तीचं इंधन धूर साफ करणाऱ्या कॅट-कॉनमध्ये जाऊन जळतं आणि तो तापून खराब होतो. सेन्सर पूर्ण तुटला तर निदान डॅशबोर्डवर दिवा लागतो, स्कॅनरवर पी०११८ कोड येतो आणि अर्ध्या तासात काम होतं. चुकीचं पण पटण्यासारखं उत्तर देणाऱ्या सेन्सरला कोड येत नाही. गिऱ्हाईक चार गॅरेज फिरतं, इंजेक्टर साफ करून घेतं, प्लग बदलतं, आणि शेवटी गाडीच नशिबाला आली म्हणून विकून टाकतं. असे दोन सेन्सर माझ्या डब्यात आहेत. दोन्ही बाहेरून नवे कोरे दिसतात.

याची पहिली चाचणी गॅरेजमध्येही होते. आपण समुद्रसपाटीला राहतो, त्यामुळे खळखळतं पाणी जवळजवळ बरोबर १०० अंशांना असतं आणि वितळणारा बर्फ शून्याला. दोन पातेली आणि एक मीटर. मी प्रत्येक नवा सेन्सर बसवण्याआधी हे करतो. पण दोन टोकं जुळली म्हणून मधलं वळण जुळतंच असं नाही, आणि आज जुळलं म्हणून दोन पावसाळ्यांनंतर जुळेल हे मला कळायला मार्ग नाही. त्यासाठी तेलाचं बाथ लागतं, ओव्हन लागतो, खाऱ्या फवाऱ्याची पेटी लागते, आणि मुख्य म्हणजे रोज आकडे टिपणारी माणसं लागतात. तुमच्याकडे यातलं बरंच काही आधीपासून आहे.

मॅप सेन्सरची गोष्ट वेगळी. इंजिनात हवा ओढणाऱ्या नळीतला दाब तो मोजतो. आत सिलिकॉनचा पातळ पडदा असतो, दाबाने तो वाकतो आणि त्याचा रोध बदलतो. सिलिकॉनचा हा गुण १९५४ साली बेल लॅबच्या चार्ल्स स्मिथने मांडला होता. ती चिप आपल्या मुंबईतल्या एखाद्या कॉलेजात बनवा असं मी सांगणार नाही, त्याला लागणारी स्वच्छ खोली आणि खर्च वेगळाच आहे. पण तयार चिप सुटी मिळते. तिला नीट घर देणं, तेलाची वाफ आणि ओल तिच्यापर्यंत पोचू न देणं, आणि ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर ती किती दाबाला किती व्होल्ट देते याचा खरा तक्ता छापणं, हे तुमच्या हातातलं आहे. इथेही मुंबईने आपल्याला एक फुकटचं मोजमाप दिलं आहे. चावी फिरवा, इंजिन चालू करू नका : सेन्सरने १०० किलोपास्कलच्या आसपास दाखवायला हवं. तीच गाडी घाट चढून पुण्याला नेली की तोच आकडा ९५च्या जवळ येतो. मी मुलांना शिकवताना हे नेहमी सांगतो. पुण्याला निघालेल्या गिऱ्हाइकाच्या मोबाइलला ब्लूटूथचा छोटा स्कॅनर जोडून देतो आणि लोणावळ्याला पोचल्यावर फोटो पाठवायला सांगतो. घाट चढताना आकडा कसा उतरत गेला हे पाहिलेला माणूस सेन्सरला पुन्हा कधी "तो काळा ठोकळा" म्हणत नाही.

ओटू सेन्सर, म्हणजे धुरातला ऑक्सिजन ओळखणारा, मात्र अवघड प्रकरण आहे आणि तिथे घाई नको. झिर्कोनियाची भाजलेली नळी, तिच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा थर, एका बाजूला बाहेरची हवा आणि दुसऱ्या बाजूला सायलेन्सरमधला धूर. तीनशे-साडेतीनशे अंशांच्या वर तापली की ती स्वतःच वीज देते : इंधन जास्त असेल तर ०.९ व्होल्टच्या जवळ, हवा जास्त असेल तर ०.१च्या जवळ. वजनाने पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग हा मेळ साधला तरच कॅट-कॉन आपलं काम करतो, आणि तो मेळ या नळीच्या भरवशावर साधला जातो. १९७६ साली बॉशने हा सेन्सर पहिल्यांदा व्होल्वोच्या गाड्यांत आणला. झिर्कोनिया ज्या झिरकॉन रेतीपासून बनतो ती आपल्याच देशात केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यावर काढली जाते, आणि ती काढणाऱ्या सरकारी कंपनीचं मुख्यालय प्रभादेवीला आहे, माझ्या गॅरेजपासून काही मिनिटांवर. हे मला कळलं त्या रात्री मी बराच वेळ विचार करत बसलो होतो. मातीच्या भांड्यासारखी भाजून काढायची ही वस्तू. चिनीमातीचं, सिरॅमिकचं शास्त्र जाणणारे लोक आपल्याकडे आहेत, ट्रॉम्बेला अणुसंशोधन केंद्रात आहेत, पवईला आयआयटीत आहेत. ज्या विभागाकडे भट्टी आणि चिकाटी दोन्ही असतील त्याने हे दहा वर्षांचं काम म्हणून हातात घ्यावं. एका वर्षाचं प्रोजेक्ट म्हणून मुळीच घेऊ नये.

इथे मला प्रोजेक्टबद्दल स्पष्ट बोलायचं आहे. दरवर्षी दोन-चार विद्यार्थी माझ्याकडे येतात. हुशार मुलं असतात. एका मुलीने हॉल सेन्सरवर, म्हणजे चुंबकाचं क्षेत्र ओळखणाऱ्या चिपवर, चालणारा क्रँक सेन्सर बनवला होता, ऑसिलोस्कोपवर इतका सुंदर चौकोनी इशारा आला की मी तो फोटो भिंतीवर लावला आहे. एप्रिलमध्ये व्हायवा झाला, सबमिशन झालं, सेन्सर कपाटात गेला. पुढच्या वर्षीच्या बॅचने नवा विषय घेतला. तो सेन्सर दोन पावसाळे टिकला असता का, हे कोणालाच कळलं नाही. आम्हाला गॅरेजवाल्यांना नेमकं तेवढंच कळायला हवं होतं.

टिकाऊपणा एका शैक्षणिक वर्षात मोजता येत नाही. म्हणून माझी विनंती आहे की विभागाने विषय आपल्या नावावर घ्यावा आणि बॅचेसनी तो एकमेकांकडे सोपवावा. पहिल्या बॅचने वीस सेन्सर बनवावेत आणि बाजारातले वीस बिननावाचे विकत घ्यावेत. दुसरीने ते भाजावेत, भिजवावेत, हलवावेत. तिसरीने जे मेले ते कापून का मेले ते लिहावं आणि घर सुधारावं. प्रयोगशाळेच्या जर्नलसारखी एक जाड वही विभागात राहावी. विद्यार्थ्याला मार्क वहीत भरलेल्या खऱ्या आकड्यांवर मिळावेत, मग ते आकडे "सेन्सर नापास" असं का सांगत असेनात. नापास सेन्सरचा नीट लिहिलेला अहवाल माझ्यासारख्या माणसाला पास झालेल्या मॉडेलपेक्षा जास्त कामाचा आहे.

आणि ती वही मराठीत आणि हिंदीत सगळ्यांसाठी खुली करा. कुठल्या सेन्सरचा रोध किती, कुठल्या तापमानाला किती, कुठली पिन कशाची, एवढी साधी माहिती मिळवायला आम्हाला अजून ओळखी काढाव्या लागतात. स्पर्धा आयोगाने २०१४च्या ऑगस्टमध्ये १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता, कारण सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू दिली जात नव्हती. प्रकरण पुढे न्यायालयांत गेलं. आमच्या फुटपाथपर्यंत त्यातलं फार काही पोचलं नाही.

कपलरचाही विचार करा. आत एकच मणी, पण प्रत्येक कंपनीचा कपलर वेगळ्या आकाराचा, म्हणून दुकानदाराला एका वस्तूचे वीस प्रकार ठेवावे लागतात आणि किंमत तिथेच चढते. काही गॅरेजवाले जुना कपलर कापून नव्या सेन्सरला तार जोडतात. मीही नाइलाजाने केलं आहे. मुंबईच्या खाऱ्या हवेत तो जोड वर्षभरात काळा पडतो. सेन्सरचा गाभा एकाच मापाचा आणि वरची टोपी गाडीप्रमाणे बदलणारी, तरीही पाणी न शिरणारी, अशी काही रचना होईल का, हे तुमच्यातल्या मेकॅनिकलच्या मित्रांना विचारा. माझ्या मते सगळ्यात मोठी बचत इथे दडली आहे.

एक मर्यादा मात्र पाळा. ब्रेकच्या एबीएसचे आणि एअरबॅगचे सेन्सर या कामात घेऊ नका. इंजिनाचा सेन्सर चुकला तर गाडी उभी राहते. त्यांचा चुकला तर माणूस जातो. आणि तुमचा सेन्सर विकायचा झाला तर आधी गाड्यांची तपासणी करणाऱ्या पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून रीतसर तपासणी होऊ द्या. स्वस्त मालाच्या नावाखाली धूर वाढवणारी वस्तू रस्त्यावर आली तर ती याच शहरातल्या पोरांच्या छातीत जाणार आहे.

काही प्राध्यापक मला म्हणाले, आता सगळं इलेक्ट्रिक होणार, कशाला यात पडता? मुंबईत धुराच्या नियमांचं बीएस-४ २०१० साली आलं, बीएस-६ २०२० साली. त्या काळात घेतलेल्या गाड्यांची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे वाढवूनही मिळते. आज शोरूममधून निघालेली पेट्रोलची गाडी २०४० सालीही कोणाच्या तरी पोटापाण्याचं साधन असेल, आणि बहुतेक तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या हातात असेल, ज्याच्याकडे सेन्सरसाठी तीन दिवसांची कमाई नसेल. बीएस-६पासून स्कूटर-मोटारसायकलीही इंजेक्शनवर आल्या. डिलिव्हरी करणाऱ्या पोरांच्या गाड्यांतही आता हेच सेन्सर आहेत. आणि इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीचं तापमान मोजायलाही तोच मणी लागतो.

माझ्याकडून मी काय देऊ शकतो ते सांगतो. तीनही डबे, चिठ्ठ्यांसकट, जो विभाग पहिल्यांदा येईल त्याचे. पावती नको, फक्त कापून झाल्यावर काय सापडलं ते मला सांगा. माझी स्वतःची जुनी गाडी आहे, तिच्यावर तुमचा सेन्सर लावून रोज चालवायला मी तयार आहे आणि दर रविवारी आकडे टिपून देईन. शिवडी, लालबाग, परळ भागातले आणखी सहा गॅरेजवाले कंडम सेन्सर जपून ठेवायला कबूल झाले आहेत, मी त्यांना चिठ्ठ्यांचा नमुना दिला आहे. तो टॅक्सीवाला पोरगाही तयार आहे. त्याची गाडी दिवसाला दीडशे किलोमीटर चालते, तुमच्या कुठल्याही प्रयोगशाळेपेक्षा जास्त हादरे तिथे मिळतील. त्याची एकच अट आहे : नवा सेन्सर लावाल तेव्हा जुना चालू सेन्सर त्याच्या डिकीत पान्यासकट ठेवायचा, म्हणजे वाटेत काही झालं तर भाडं सुटणार नाही. ती अट मला योग्य वाटते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेजं सुरू झाली की मी एक डबा घेऊन माटुंग्यापासून सुरुवात करणार आहे. गेटवर अडवू नका एवढं वॉचमनला सांगून ठेवा.

आपला नम्र,
काळाचौकीचा एक ऑटो इलेक्ट्रिशियन